बहीण म्हणतीय आरएनएवर पीएचडी करणार, घरात कुणालाच काही कळंना, जरा सांगा की

नंदगडचा_दादा

नमस्कार मंडळी, सायन्सवाले कुणी असतील तर जरा मदत करा. मी खानापूर तालुक्यातला, हार्डवेअरचं दुकान आहे, माझं सायन्स दहावीलाच संपलं. धाकटी बहीण बेळगावात एमएस्सी बायोटेक करूलाल्या, शेवटचं वर्ष. पोरगी हुशार आहे यात वाद नाही, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं सगळं इंग्लिशमधे आणि कुठं अडकली नाही. आता गणपतीला घरी आली ती असं ठरवूनच की मला आरएनए आणि जीनॉमिक्समधे संशोधन करायचंय, पीएचडीला बेंगलोर नाहीतर हैदराबादला जाणार. आई म्हणते बीएड कर, इथंच कुठल्या तरी हायस्कूलला लागशील, घरी येऊन-जाऊन राहशील. बाबा काय बोलत नाहीत, म्हणजे त्यांचं पण तेच. आणि ही माझ्या मागं लागल्या की दादा तू सांग त्यांना. आता मी काय सांगू, मला आरएनए म्हटलं की कोविडची लस आणि नाकात घातलेली ती काडी एवढंच आठवतंय.

तर माझे प्रश्न साधे आहेत. ह्यात माणूस दिवसभर करतो काय, किती वर्षं जातात, पैसे आम्ही भरायचे की तिला मिळतात, पुढं नोकरी कुठली, आणि बेळगाव-खानापूरकडं परत येण्यासारखं काय आहे का. अजून एक, सीमाभागातली म्हणून फॉर्म भरताना काय घोळ होतो का, कारण आमची बारावीनंतर तहसील ऑफिसला लई पायपीट झालेली. माहीत असणाऱ्यांनीच सांगा, टोमणे नकोत.


पिपेटवाली_निपाणी

दादा, मी निपाणीची, पीएचडी हैदराबादला केली, आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठराविक मुदतीचं संशोधन, करते, विषय आरएनएच. आधी पैशाचं सांगते कारण आईबाबांपुढं तोच प्रश्न पहिला येणार. पीएचडीला तुम्ही पैसे मोजायचे नसतात, उलट तिला मिळतात. नेट ह्या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं त्याचीच वरची पायरी एसआरएफ झाली की ४२,०००, वर घरभाड्याचे वेगळे, हा रेट जानेवारी २०२३ पासूनचा. बीएड करून नवीन लागलेल्या कितीतरी प्रायव्हेट शिक्षकांना एवढे मिळत नाहीत हे आईला हळूच सांगा. फक्त पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून चालू नका, कधी कधी काही महिने तुंबतात आणि मग एकदम पडतात, सुरुवातीला थोडी घरची सोय पाहिजे. परीक्षा पण एकच नाही, सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, शिवाय केंद्राच्या बायोटेक विभागाची (डीबीटी) बेट, गेट, एनसीबीएस-टीआयएफआर ह्या संशोधन संस्थांकडची जेजीबिल्स. त्यामुळं एक हुकली म्हणजे वर्ष बुडालं असं नसतं.

आता ती करणार काय. डीएनए म्हणजे तहसील ऑफिसातलं मूळ रेकॉर्ड समजा, ते ऑफिस सोडून बाहेर येत नाही. आरएनए म्हणजे त्यातून काढलेला उतारा, बाहेरची कामं उताऱ्यावर चालतात आणि काम झालं की तो फाडून टाकला जातो. अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत रेकॉर्ड तेच, मग डोळ्याची पेशी डोळ्याचं आणि लिव्हरची लिव्हरचं काम कशी करते, तर कुठल्या पेशीनं कशाचे उतारे काढले, किती काढले, कधी फाडले यावर. तिला अभ्यास करायचाय तो ह्या काढण्या-फाडण्याचा. जीनॉमिक्स म्हणजे हेच, पण एकेका जनुकाचं न बघता सगळ्यांचं एकदम बघायचं.

आणि हा विषय एवढा का गाजतो ते ऐका. माणसाच्या जीनोममधे, म्हणजे ह्या अख्ख्या डीएनए रेकॉर्डमधे, सुमारे ३०० कोटी अक्षरं, ती वाचायचा प्रोजेक्ट १९९० ला सुरू झाला, २००३ ला पूर्ण झाला म्हणून जाहीर केलं, आणि तरीही वाचायला अवघड असे जे तुकडे राहिले होते ते भरायला २०२२ उजाडलं. एवढं करून प्रोटीन बनवणारी जनुकं निघाली किती, तर २०,००० च्या आसपास. मातीत राहणारा मिलिमीटरभर लांबीचा एक पारदर्शक किडा आहे, सी. एलिगन्स म्हणतात त्याला, त्याच्याकडं पण साधारण तेवढीच! आपल्या ३०० कोटींतला दोन टक्क्यांपेक्षा कमी भाग प्रोटीनसाठी, मग बाकीचं काय करतं ह्यावर लोक अजून भांडतात, आणि त्यातला बराचसा आरएनएच्या रूपात वाचला जातो हे आता माहीत आहे. काही आरएनए कामाचे, काही नुसताच वाचताना पडलेला कचरा, कुठला कुठला हे ठरवण्यात लोकांची आयुष्यं चाललीत.

त्याच किड्यात व्हिक्टर अँब्रोसच्या लॅबनं लिन-४ नावाचं जनुक पकडलं. सगळे समजत होते त्यातून प्रोटीन निघणार, निघाला फक्त २२ अक्षरांचा आरएनए. गॅरी रुव्हकुनच्या लॅबनं दुसऱ्या बाजूनं दाखवलं की हा चिमुकला तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या मेसेंजर आरएनएला (एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा उतारा) जाऊन चिकटतो आणि त्याचं प्रोटीन कमी करतो. १९९३ ला दोन्ही पेपर आले. अँब्रोसच्या पेपरवर पहिलं नाव रोझलिंड लीचं, ती त्याची बायको आणि त्याच लॅबमधली, हे कुणी फारसं सांगत नाही म्हणून मी सांगते. नंतर सात वर्षं लोक म्हणत राहिले की किड्याची काहीतरी खोड असेल. २००० मधे रुव्हकुनकडं लेट-७ सापडला, आणि तो मात्र माशीत, माशात, माणसात, सगळीकडं तसाच्या तसा निघाला. मग एकदम धावपळ. नोबेल मिळालं २०२४ ला. म्हणजे पेपरपासून तीस वर्षांवर. आणि पेपर यायच्या सुमारासच अँब्रोस हार्वर्डला कायम झाला नव्हता, डार्टमथला गेला.

मी ह्यात कशी आले तर तंबाखूमुळं. आमच्याकडं पानावर पिवळे-हिरवे चट्टे पडले की आजोबा झाड उपटून लांब टाकायचे आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. तो टोबॅको मोझॅक व्हायरस, हातानं पण पसरतो. एमएस्सीत कळलं की १९५६ मधे बर्कलीत फ्रँकेल-कॉनराट आणि जर्मनीत गीरर आणि श्राम ह्यांनी ह्याच व्हायरसवरचं प्रोटीनचं कवच काढून नुसता आरएनए पानावर चोळला आणि झाड आजारी पडलं. म्हणजे माहिती आरएनएत पण असते हे जगाला आमच्या बांधावरच्या रोगानं शिकवलं. निपाणीच्या पोरीला एवढं पुरतं हो!

वर्षांचं विचारलंत, पीएचडीला पाच ते सहा धरा, चार सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नंतर पोस्टडॉक तीन-चार वर्षं, कधी दोन ठिकाणी. प्राध्यापक किंवा सायंटिस्ट म्हणून स्वतःची लॅब मिळेपर्यंत पस्तिशी येते, मुलींना लग्नाचं विचारणारे त्याच्या खूप आधी येतात आणि ते तुम्ही दादा म्हणून अडवायचं आहे, तिनं नाही.


सदाशिवनगर_पीसीआर

वरच्या ताईंनी लई मस्त लिवलंय. मी बेळगावात एका डायग्नोस्टिक लॅबमधे टेक्निशियन आहे, डॉक्टर-बिक्टर नाही, त्यामुळं माझं खालच्या पातळीवरचं ऐका. दिवसभर करतात काय म्हणून विचारलाय, तर आरएनएवाल्यांचा अर्धा दिवस आरएनए वाचवण्यात जातो. डीएनए निवांत असतो की वो, टेबलावर राहिला तरी फारसं बिघडत नाही. आरएनए तसा नाही, एक तर त्याच्या रचनेतच एक जादाचा ऑक्सिजन असा बसलाय की तो स्वतःची साखळी स्वतःच तोडू शकतो, आणि वरून आरएनए तोडणारं आरएनेज म्हणून एन्झाइम आपल्या हातावर, घामात, थुंकीत, धुळीत सगळीकडं. आणि ते मरतंय कुठं, उकळलं तरी थंड झाल्यावर परत घडी घालून कामाला लागतंय, ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायच्या यंत्रावर, पण पूर्ण भरवसा नाही. म्हणून पाण्यात आरएनेजला मारणारं डीईपीसी हे केमिकल घालून ठेवायचं, मग ऑटोक्लेव्ह करून ते डीईपीसी उडवायचं, ग्लोव्हज दर थोड्या वेळानं बदलायचे, मोबाईलला हात लावला की बदलायचे, नाक खाजवलं की बदलायचे. आमच्या नवीन पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतो, बाकी केमिस्ट्री नंतर.

रिसर्चमधे ट्रायझॉल नावाचं केमिकल घालून पेशी फोडतात, क्लोरोफॉर्म, मग आयसोप्रोपेनॉल, मग ७५ टक्के इथेनॉलनं धुवायचं, तळाला दिसलं न दिसलं असं पांढरं काहीतरी बसतं, तेच आरएनए. ओतताना ते गेलं की गेला दिवस. मग तो आरएनए जेलवर पळवून दोन पट्ट्या स्वच्छ दिसल्या, २८ एस आणि १८ एस ह्या पेशीतल्या दोन मोठ्या आरएनएंच्या, वरची खालच्याच्या दुप्पट ठळक, की माणूस खूश. नुसता खालपर्यंत पसरलेला धूर दिसला की परत पहिल्यापासून. बहिणीला विचारा, तुला हे दहा वेळा करून पण राग येत नाही का? येत नसेल तर जाऊ दे तिला. मार्क किती आहेत ते मग बघा.

आता गावाकडं परत यायचं. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, एनआयटीएम, कोविडात इथल्या सॅम्पलची आरटीपीसीआर तिथं व्हायची हे सगळ्यांना आठवत असंल. केएलईची युनिव्हर्सिटी आहे, तिथं पण संशोधन चालतं. आणि एक गोष्ट मला नेहमी वाटते ती लिवतो. माकडताप म्हणजे केएफडी, हा आरएनए व्हायरस, गोचिडीतनं येतो. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ ला सापडला, म्हणून तेच नाव पडलं, आणि पुण्याच्या व्हायरस सेंटरनं, म्हणजे आताच्या एनआयव्हीनं, तो ओळखला. मग बरीच वर्षं कर्नाटकातच असलेला ताप पुढं पसरत २०१५ ला गोव्यात सत्तरीला आणि २०१६ ला दोडामार्गला आला. नकाशा काढून बघा, सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूरचं कणकुंबी-जांबोटीचं जंगल हे एकच हाय, मधल्या राज्यांच्या रेघा गोचिडीला ठाऊक नाहीत. ह्या व्हायरसचा जीनोम ११ हजार अक्षरांच्या आसपास, कुठल्या गावातला कुठनं आला हे त्या अक्षरांतल्या फरकावरनं काढतात. खानापूरच्या पोरीनं हे नाही करायचं तर कुणी करायचं?


अनगोळ_कट्टा

सगळे फुलं वाहूलाल्यात म्हणून मी जरा दुसरी बाजू. मी पण पीएचडी केलीय मॉलिक्युलर बायोलॉजीत, आता कॉलेजात गेस्ट लेक्चरर. कुठं केली ते सांगत नाही. माझ्या गाईडकडं आम्ही भरपूर पोरं आणि पैसे एका प्रोजेक्टचे, तो प्रोजेक्ट संपला, केमिकल संपली, किटची ऑर्डर गेली की यायला महिने, आणि एकदा सुट्टीत डीप फ्रीझर बंद पडला आणि उणे ८० ला ठेवलेले सगळ्यांचे नमुने पाणी झाले. गाईड म्हणाले नवीन करा. आरएनए नवीन करायला पेशंटचे नमुने परत मिळायला पाहिजेत ना.

लोक कॅटालिन कारिकोची गोष्ट सांगतात, हंगेरीतल्या खाटकाची पोरगी, अमेरिकेत ग्रँट मिळंना, १९९५ ला युनिव्हर्सिटीनं खालच्या पोस्टवर आणलं, तरी एमआरएनए सोडला नाही, २००५ ला वाइसमनबरोबर दाखवलं की आरएनएचं एक अक्षर थोडं बदललं तर शरीर त्याच्यावर खवळत नाही, आणि त्याच्यावर पुढं कोविडच्या लसी उभ्या राहिल्या, २०२३ ला नोबेल. गोष्ट खरी आहे आणि मोठीच आहे. पण तिच्यासारखीच चिकाटी असून १९९५ ला घरी गेलेल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. देशात दरवर्षी पीएचडी होणारे किती आणि आयसर, एनसीबीएस, सीसीएमबी असल्या सरकारी संशोधन संस्थांत निघणाऱ्या जागा किती ह्याचा विचार करूनच जावं. गाईड चुकला तर बाकी सगळं चुकतं, हे माझं म्हणणं. तिला जाऊ नको म्हणू नका, पण कुणाकडं जातेस ते मात्र दहा ठिकाणी विचारून जा म्हणा.


कोड_आणि_कुंदा

अनगोळकर, तुमच्या गाईडचं वाचून वाईट वाटलं, पण मला वाटतं तुम्ही नोकऱ्यांचा हिशोब फक्त सरकारी सायंटिस्टच्या खुर्चीवरून करताय आणि तो आता जुना झाला. मी वडगावचा, बेंगलोरला जीनॉमिक्स कंपनीत बायोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे जनुकांच्या डेटाचं कॉम्प्युटरवरचं काम, करतो, एमएस्सीनंतर पीएचडी न करताच लागलो. कॅन्सर पेशंटच्या ट्यूमरचं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं), बाळांचे दुर्मिळ आजार, असे रिपोर्ट रोज निघतात आणि ते वाचणारी माणसं कमी पडतात. पुण्यात जेनोव्हा आहे, त्यांच्या जेमकोव्हॅक-१९ ह्या एमआरएनए लशीला जून २०२२ मधे आपत्कालीन मंजुरी मिळाली, २ ते ८ डिग्रीला म्हणजे साध्या दवाखान्याच्या फ्रिजमधे राहते हे तिचं वैशिष्ट्य. म्हणजे आरएनएचं काम करणारी कंपनी बेळगावहून एका रात्रीच्या बसवर आहे. शिवाय जीनोम इंडिया प्रोजेक्ट, १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ ला तो डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधून संशोधकांसाठी खुला केला. आता एवढ्या डेटातनं अर्थ काढायला माणूस कुठून आणणार?

माझा मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या बहिणीला लॅब मिळेपर्यंत थांबायची गरजच नाही. आरएनए-सीक म्हणजे काय तर नमुन्यातला सगळा आरएनए डीएनएत उलटा करून, तुकडे करून मशीनमधे वाचायचा, एका नमुन्याचे दोन-तीन कोटी तुकडे सहज निघतात, आणि मग प्रत्येक तुकडा जीनोमवर कुठं बसतो ते कॉम्प्युटरनं शोधायचं. जगभरातले लोक पेपर छापताना हा कच्चा डेटा जिओ (फोनवालं नव्हे) आणि एसआरए ह्या ऑनलाइन साठ्यांवर टाकतात, फुकट, कुणीही उतरवून घ्या. गॅलेक्सी म्हणून सर्व्हर आहे, ब्राउझरमधेच चालतो, खानापूरच्या घरात बसून फोनच्या हॉटस्पॉटवर पण जमतं कारण हिशोब तिकडं होतो. स्वतःच्या लॅपटॉपवर करायचं असेल तर माणसाच्या डेटाला हात घालू नको म्हणावं, तुकडे जीनोमवर बसवणाऱ्या स्टार सॉफ्टवेअरला माणसाच्या जीनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, लॅपटॉप गारठतो. यीस्ट घे. यीस्टचा जीनोम सव्वा कोटी अक्षरांचा, सहा हजारांच्या आसपास जनुकं, साध्या मशीनवर पळतो. एखादा छापलेला पेपर घ्यायचा, त्यांचाच डेटा उतरवायचा, फास्टक्यूसी सॉफ्टवेअरनं तपासायचा, हायसॅटनं जीनोमवर बसवायचा, आर ह्या कॉम्प्युटर भाषेत डीईसीक-टू, म्हणजे कुठल्या जनुकाचा आरएनए वाढला-घटला ते काढणारं पॅकेज, चालवायचं आणि त्यांच्या चित्रासारखं चित्र येतं का बघायचं. पहिल्यांदा येणार नाही. का आलं नाही हे शोधताना जे शिकायला मिळतं ते कुठल्या सर्टिफिकेट कोर्सात नाही, आणि हजारोंनी पैसे घेऊन असे कोर्स विकणारे बेंगलोरला गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

आणि पिपेट येणाऱ्यांना कोड येत नाही, कोड येणाऱ्यांना आरएनए कसा बिघडतो ते माहीत नसतं. वरच्या पीसीआरवाल्या भावानं जो धूर सांगितला ना, तो डेटात पण दिसतो, सगळे तुकडे जनुकाच्या एकाच टोकाला गोळा झालेले असतात, आणि नुसता सॉफ्टवेअरवाला त्याला काहीतरी नवीन शोध समजून बसतो. दोन्ही येणारी पोरगी असेल तर तिला लॅब शोधत येतील.


नंदगडचा_दादा

मंडळी लई आभार. आईला ३७,००० चं सांगितलं, तिनं परत दोनदा विचारलं की परत द्यायचे नाहीत ना. बाबांना माकडतापाचं वाचून दाखवलं तर ते पहिल्यांदाच बोलले, जांबोटीकडं कुणाला तरी झाला होता म्हणून काहीतरी सांगत बसले. लग्नाचं मी बघतो ताई, ते माझ्याकडं लागलं. सीमाभागाच्या दाखल्याचं मात्र कुणी बोललं नाही. बहीण पण इथं लिहिणार म्हणाली, तिलाच विचारू दे पुढचं.


कोड_आणि_कुंदा

दाखल्याचं सांगतो. नेट, गेट, बेट ह्या सगळ्या देशपातळीवरच्या, त्याला तुम्ही कुठल्या राज्याचे ह्यानं काही फरक पडत नाही, भाषेचा पण प्रश्न नाही. घोळ होतो तो कॅटेगरीत. कर्नाटकातला थ्री-बी वगैरे मागास गटाचा दाखला केंद्राच्या फॉर्मला आपोआप चालत नाही, केंद्राची यादी वेगळी, तिथं नाव नसेल तर ईडब्ल्यूएसमधे (आर्थिक दुर्बल गट) बसता का बघा, आणि तो दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, तहसीलला आधीच अर्ज टाका. महाराष्ट्र सरकारच्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या सवलती आहेत त्या महाराष्ट्रातल्या प्रवेशांसाठी, कोल्हापूर-पुण्याच्या युनिव्हर्सिटीत जायचं झालं तर त्यांच्या प्रवेश विभागाला फोन करून कुठला नमुना लागतो ते विचारून घ्या. बेंगलोर-हैदराबादला त्याचा उपयोग नाही.


नंदगडची_धाकटी

नमस्कार, मीच ती. दादानं घरातलं सगळं इथं मांडलंय, असू दे. पिपेटवाली ताई, मला तुम्हाला विचारायचं होतं. आमच्या कॉलेजमधे आरएनए एक्स्ट्रॅक्शन एकदाच दाखवलं, ते पण सरांनी केलं आणि आम्ही मागं उभं राहून बघितलं, किट महाग म्हणून. माझं डिझर्टेशन वनस्पतींच्या अर्कांवर आहे, आरएनएचा काही संबंध नाही. मग कुठल्या तोंडानं आरएनएच्या लॅबला लिहू? मी आतापर्यंत काही जणांना ईमेल केले, कुणाचंच उत्तर नाही. आणि इंटरव्ह्यूत इंग्लिश बोलताना माझ्या डोक्यात मराठी आधी येतं आणि मग थांबायला होतं, समोरच्याला वाटतं हिला येतच नाही. मला लांब आरएनए, म्हणजे प्रोटीन न बनवणारे ते मोठे, त्यावर काम करायचंय, झिस्टबद्दल वाचल्यापासून. एक आरएनए अख्खं एक्स क्रोमोसोम गप्प करतो हे वाचून मला त्या रात्री झोप नव्हती लागली.


पिपेटवाली_निपाणी

अगं झिस्टपासून सुरुवात झालीय तर मग तू गेलीसच!

ऐक. तू पाठवलेला ईमेल असा होता का, रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब, आणि खाली सीव्ही? तो कुणी उघडत पण नाही, रोज तसे कितीतरी येतात. एकच लॅब धर. त्यांचे मागच्या तीन-चार वर्षांतले दोन पेपर नीट वाच, चित्रांसकट. मग सहा ओळी लिही: मी कोण, तुमच्या अमुक पेपरमधलं तमुक चित्र बघून मला हा प्रश्न पडला, त्याच डेटावर मी घरी हे करून बघितलं आणि असं आलं. कुंदावाल्यानं सांगितलेलं यीस्टचं काम इथं उपयोगी पडतं, आरएनए हातात धरलेला नसला तरी आरएनएचा डेटा धरलेला असतो. डिझर्टेशन कशावर आहे ह्याला कुणी विचारत नाही, त्यात तू कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, काय ठेवला होतास हे विचारतात. अर्कांचं काम आहे ना, मग नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल ठेवला असशील, तो का ठेवला ते नीट सांगता आलं पाहिजे.

थेट पीएचडीच पाहिजे असं पण नाही. प्रोजेक्ट असोसिएट म्हणून आधी एक वर्ष लाग, जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर येत असतात. त्या वर्षात हात बसतो, नेटचा अभ्यास होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे गाईड कसा आहे ते आतून कळतं, अनगोळकरांचं दुखणं टळतं. लॅबमधल्या जुन्या पोरांना एकटं गाठून विचारायचं, इथून बाहेर पडलेले आता कुठं आहेत, किती वर्षांत सुटले, मधेच सोडून कुणी गेलं का. सर चांगले आहेत का असं विचारू नको, सगळे हो म्हणतात.

इंग्लिशचं म्हणशील तर इंटरव्ह्यूत बोर्डावर जा आणि काढून दाखव. खडू हातात आला की थांबलेलं कुणाला खटकत नाही, विचार करतीय असं वाटतं. माझ्या इंटरव्ह्यूला मी स्प्लायसिंगचं चित्र काढलं होतं, आरएनएतले नको असलेले मधले तुकडे, इंट्रॉन, कसे कापले जातात ते, आणि एक सर म्हणाले की हे कापणारं यंत्र स्वतः कशाचं बनलंय, मी म्हटलं आरएनए आणि प्रोटीन दोन्हीचं पण कापायचं खरं काम आरएनए करतो, तर त्यावर पंधरा-वीस मिनिटं तेच आपसात वाद घालत बसले, मी नुसती उभी. व्याकरण कुणी तपासलं नाही. आणि वेंकी रामकृष्णन ह्यांची डिग्री, पीएचडी सगळं फिजिक्समधलं, बायोलॉजी नंतर शिकले आणि रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेवर २००९ चं नोबेल, म्हणजे आधीचा विषय वेगळा होता हे कारणच होत नाही.

झिस्टवर काम करायचं तर एक गोष्ट आधी शोधून ठेव. मादी उंदरात एक्स गप्प होतो तो झिस्टनं, पण एकदा गप्प झाल्यावर झिस्ट काढून टाकला तरी बऱ्याच पेशींत तो बराचसा गप्पच राहतो, मग पुढं त्याला गप्प कोण ठेवतं? ह्यावरचे पेपर वाच आणि त्यातला जो डेटा जिओवर आहे तो उतरव, उंदराचा आहे म्हणून गॅलेक्सीवरच चालव, लॅपटॉपवर नको. ईमेलचा पहिला खर्डा झाला की तुझं आणि त्या लॅबचं नाव काढून इथंच टाक, आम्ही फाडून देतो.


सदाशिवनगर_पीसीआर

आणि हात बसवायचा असंल तर दिवाळीच्या सुट्टीत बेळगावात ये गं, आमच्या मॅडमना विचारतो, पेशंटच्या सॅम्पलला हात लावता येणार नाही पण कांद्याच्या नाहीतर यीस्टच्या आरएनएवर सराव करायला जागा देतील. ट्रायझॉल महाग आहे, पण उरलेलं असतंय थोडं. येताना स्वतःच्या मापाचे ग्लोव्हज घेऊन ये, आमच्याकडं सगळे लार्ज आहेत.